खरवडलेली उभी रेघ

गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला गेले आणि नववी ‘अ’च्या वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडला. मी शिकवते मानसशास्त्र, तेही अकरावी-बारावीच्या कला शाखेला; पण आमच्याकडे माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत आणि एकाच शिक्षकखोलीत नांदतात, त्यामुळे अशा वेळी कोणाचे काम कोणाच्या गळ्यात पडेल याला काही नियम नसतो. उदाहरणे पूर्ण आहेत की नाहीत एवढे पाहायचे, तारीख घालायची आणि सही करायची, असे मला सांगण्यात आले होते. दहा-बारा वह्या झाल्यावर लक्षात आले की एका उदाहरणात सगळ्यांनीच ऋण तीनचा वर्ग ऋण नऊ असा लिहिला आहे. फळ्यावर घाईत चिन्ह चुकले असणार आणि ते जसेच्या तसे पन्नासेक वह्यांत उतरले होते. पुढच्या पायऱ्याही त्याच चुकीवर रचलेल्या, आणि उत्तराखाली पट्टी धरून दोन समांतर रेघा. शिकवणाऱ्या कोणाच्याही हातून असे होते, त्यात नवल नाही. गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्या एका वहीत मात्र त्या चिन्हापाशी माझे बोट अडखळले. तिथला कागद पातळ झाला होता. वही खिडकीच्या उजेडात तिरपी धरली तेव्हा दिसले की मुलाने आधी निळ्या शाईने ठसठशीत अधिक चिन्ह काढले होते आणि नंतर त्याची उभी रेघ ब्लेडच्या टोकाने खरवडून टाकली होती. उरलेल्या आडव्या रेघेचे आपसूक वजा झाले होते. काम इतक्या निगुतीने केले होते की कागदाला भोक पडले नव्हते.

बरोबर उत्तर घालवून त्याने चुकीचे उत्तर आणले होते, आणि तेही मेहनत घेऊन.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावून घेतले. वर्गात काहीतरी फुटले आहे आणि आपले नाव त्यात आले आहे, अशा चेहऱ्याने तो आला. वही उघडून मी त्या चिन्हावर बोट ठेवले आणि इथे आधी काय होते, असे विचारले. त्याने वहीकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. ‘‘अधिक होतं.’’ मग बदललेस का, यावर उत्तर तयार होते : ‘‘सगळ्यांचं वजा होतं, मॅडम.’’ थोडे थांबून, माझ्या चेहऱ्यावर राग नाही याची खात्री करून घेत, तो पुढे म्हणाला, ‘‘मला वाटलं मीच काहीतरी विसरलो असेन.’’ सरांना विचारावेसे नाही वाटले का, असे मी म्हटले तेव्हा तो नुसता हसला. तास संपत आलेला, सर फळा पुसायला वळलेले, मागच्या बाकांवर डब्यांची झाकणे सैल करण्याचे आवाज सुरू झालेले. अशा वेळी एकट्याने हात वर करणे म्हणजे काय असते, हे त्या वयातून कधीच बाहेर पडलेल्या बाईने विचारू नये, असे ते हसू होते. त्याच्याशी मी आणखी काही बोलले नाही. सुट्टी संपायला थोडाच वेळ राहिला होता आणि त्याचा डबा उघडायचा होता.

पण त्याची ती दोन वाक्ये माझ्याबरोबर घरी आली. ‘सगळ्यांचं वजा होतं’ आणि ‘मीच विसरलो असेन’ ही ऐकायला सारखी वाटली तरी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिल्यात वेगळे पडण्याची भीती आहे, दुसऱ्यात स्वतःच्या ज्ञानावरचा उडालेला विश्वास आहे. मॉर्टन डॉइच आणि हॅरोल्ड जेरार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली हा भेद नीट मांडला. लोकांनी आपल्याला नाकारू नये म्हणून आपण त्यांच्यासारखे वागतो, हा समूहाचा एक प्रभाव. आणि इतक्या जणांना जे दिसते ते खरेच असले पाहिजे, असे समजून त्यांच्या मताला माहितीचा दर्जा देतो, हा दुसरा. अकरावीच्या मुलांना मी हे दोन रकाने पाडून शिकवत आले आहे आणि परीक्षेत ती ते दोन रकाने मला परत देतात. एका चौदा वर्षांच्या मुलाने दोन्ही रकाने एका दमात बोलून दाखवले तेव्हा मात्र माणसाच्या मनात त्यांच्यामध्ये रेघ मारलेली नसते, हे ठळकपणे जाणवले. कदाचित तो आधी घाबरला असेल आणि मग त्या भीतीला शोभेसे कारण त्याने शोधले असेल. कदाचित क्रम उलटाही असेल.

सामाजिक मानसशास्त्राची ओळख करून देताना सॉलोमन अ‍ॅश यांच्या प्रयोगावाचून कोणाचे पान हलत नाही. 1951च्या सुमाराला अमेरिकेतल्या स्वार्थमोर महाविद्यालयात त्यांनी तरुण विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवले आणि दोन कार्डे दाखवली. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी आहे ते एकेकाने मोठ्याने सांगायचे. लहान मूलही चुकणार नाही इतके ते सोपे होते. फक्त त्या खोलीतला एकच जण खरा प्रयोगाला आलेला असे, बाकीचे सगळे आधी ठरवून बसलेले. खऱ्याची पाळी शेवटाकडे येई, तोवर पाच-सहा जणांनी शांतपणे, जांभई द्यावी तितक्या सहजपणे, उघड चुकीचे उत्तर दिलेले असे. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत हे नाटक चाले. त्या बारा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरे समूहाच्या बाजूने गेली, आणि चारपैकी तीन जण निदान एकदा तरी वाकले. हे सांगितले की माझ्या वर्गात दरवर्षी हशा पिकतो. ‘‘आम्ही नसतो असं केलं,’’ असे पहिल्या बाकावरचा एक जण म्हणतो आणि मग सगळा वर्ग तेच म्हणतो. या दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवण्याचा मोह मी दर वेळी आवरते.

मला या प्रयोगाविषयी एक तक्रार आहे, म्हणजे प्रयोगाविषयी नव्हे, तो सांगण्याच्या आपल्या पद्धतीविषयी. माणसे मेंढरासारखी असतात, असा निष्कर्ष त्यातून काढून आपण मोकळे होतो. वास्तविक दोन तृतीयांश उत्तरे समूहाविरुद्ध आणि बरोबर होती, आणि सुमारे एक चतुर्थांश जण एकदाही हलले नाहीत. अ‍ॅश यांनी नंतर या सगळ्यांशी बोलून घेतले, तो भाग मला आकड्यांहून मोलाचा वाटतो. रेघ खरोखर तशीच दिसली, असे म्हणणारे फार थोडे होते. कोणाला वाटले आपल्या डोळ्यांत दोष असेल, कोणाला वाटले आपण बसलो आहोत तिथून वेगळे दिसत असेल, आणि कोणाला आपण बरोबर असल्याचे ठाऊक होते, पण तसे बोलून दाखवण्याचे बळ नव्हते. जे वाकले नाहीत तेही मजेत नव्हते. ते अस्वस्थ होत, अवघडून हसत, आणि तरी दिसते तेच सांगत. नववी ‘अ’मधल्या त्या मुलाला या सगळ्यांच्या रांगेत कुठे बसवावे, ते मला ठरवता आलेले नाही. उत्तर त्याने आधी लिहिले होते, इतरांकडे पाहण्यापूर्वी, हे मात्र खरे.

याच प्रयोगाच्या एका प्रकारात खऱ्या विद्यार्थ्याने उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे होते. तसे करताच समूहापुढे वाकण्याचे प्रमाण बरेच खाली आले. मग वहीत लिहिताना हा मुलगा का वाकला, असा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर वर्गात डोकावल्यावर मिळाले. शाळेतली वही ही खासगी वस्तू नसते. ती शेजारच्याला दिसते, आजारी पडलेल्या मैत्रिणीच्या घरी दोन दिवस राहून येते, मॉनिटर ती गोळा करताना उघडून पाहतो, आणि ‘‘ए, तुझं उत्तर वेगळं का आलंय?’’ हे सबंध रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो. त्या वयात आपल्याकडे सतत कोणीतरी पाहत आहे, असे वाटत असते. डेव्हिड एल्काइंड यांनी 1967मध्ये त्याला कल्पित प्रेक्षकवर्ग म्हटले. आमच्या शाळेत तो सगळाच कल्पित नसतो. बाकावर तिघे बसतात.

माझ्या स्वतःच्या शाळेचे वर्ग पत्र्याचे होते. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की बाईंचे ओठ हललेले दिसत, शब्द पोहोचत नसत. ओल्या दप्तरांचा आणि रॉकेलच्या स्टोव्हचा वास अंगावरच्या गणवेशात मुरलेला असे. अशा एका तासाला आम्हाला कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवले गेले. शेवटी बाईंनी आवाज चढवून विचारले, ‘‘समजलं का?’’ आणि आम्ही सगळ्यांनी पावसावर मात करणारा लांबलचक होकार दिला. मला त्यातले अवाक्षर ऐकू आले नव्हते. माझ्या आवाजाइतकेच इतर आवाज खणखणीत होते, म्हणून त्यांना ऐकू आले असावे, असे मी धरून चालले. फार पुढे, एका लग्नात, त्या वर्गातल्या दोघी भेटल्या तेव्हा कळले की त्यांनीही माझा आवाज ऐकून तेच धरले होते. भावे प्रयोग मी पुढे बी.एड.ला असताना शिकले.

आपल्या गप्प बसण्याचे कारण आपल्याला आतून ठाऊक असते : लाज वाटते, हसे होईल, बाई ओरडतील. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचे कारण आपल्याला फक्त बाहेरून दिसते, आणि बाहेरून ती शांतता समजल्याची वाटते. 1987मध्ये डेल मिलर आणि कॅथी मॅक्फार्लंड यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम दुर्बोध करून लिहिलेला मजकूर वाचायला दिला आणि अडले तर येऊन विचारा, असे सांगून ठेवले. विद्यार्थी विचारायला गेले नाहीत. स्वतः का गेलो नाही, तर लाज वाटली म्हणून. इतर का गेले नाहीत, तर त्यांना अधिक कळले असेल म्हणून, असा त्यांचा हिशोब होता. सगळेच अंधारात आहेत आणि प्रत्येकाला वाटते आहे की दिवा फक्त आपल्याच घरचा गेला आहे. वर्गात याची किंमत एखाद्या धड्याची असते. ती केवढी मोठी होऊ शकते, ते 1968मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. प्रश्नावली भरत बसलेल्या तरुणाच्या खोलीत भिंतीच्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा असताना चारपैकी तीन जण उठून बाहेर सांगायला गेले. सोबत दोन ठरवून बसवलेली, धुराकडे पाहून खांदे उडवणारी माणसे असताना दहांतला एक गेला. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने वारत प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारले तेव्हा कोणाला ती वाफ वाटली होती, कोणाला वातानुकूलन यंत्राचा बिघाड. शेजारच्याचा निर्विकार चेहरा हीच त्यांची माहिती होती.

वहीची गोष्ट मी शिक्षकखोलीत काढली. चहा आला होता, परीक्षेचे वेळापत्रक कोणी लावायचे यावरून वाद चालला होता, तरी दोघा-तिघांनी ऐकून घेतले. ‘‘तो पहिल्यापासूनच भित्रा आहे,’’ असा निकाल एका क्षणात लागला. ‘‘घरी वडील कडक आहेत,’’ अशी पुरवणी आली. पन्नासांपैकी ज्याने निदान एकदा तरी बरोबर चिन्ह काढले तो भित्रा ठरला, आणि बाकीच्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. माणसाच्या वागण्याचे कारण परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधण्याच्या या सवयीला ली रॉस यांनी 1977मध्ये मूलभूत गुणारोपण-दोष असे नाव दिले. गमतीचा भाग असा की भारतीय माणसे या बाबतीत बरी समजली जातात. जोन मिलर यांनी 1984मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोचे आणि म्हैसूरचे लोक होते. ओळखीच्या माणसाच्या वागण्याचे कारण सांगताना अमेरिकी प्रौढ स्वभावावर बोट ठेवत, तर म्हैसूरचे प्रौढ नातीगोती, प्रसंग, कर्तव्ये यांचा दाखला देत. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढत गेले तशी तफावत वाढत गेली. म्हणजे परिस्थिती पाहायला आपण मोठे होता होता शिकतो. आमच्या शिक्षकखोलीत हे शिक्षण सहकाऱ्याला उशीर झाला की लगेच आठवते. तेव्हा एस.टी. बंद पडलेली असते, घरी पाहुणे असतात, रस्त्याचे काम चालू असते. विद्यार्थी उशिरा आला तर तो आळशी असतो.

मला अधिक अस्वस्थ करते ते पुढचे. चिन्ह एकदा खरवडले, मग त्या मुलाने स्वतःला काय सांगितले असेल? मला बरोबर येत होते आणि मी मुद्दाम चूक केली, हे वाक्य उराशी धरून झोपणे अवघड आहे. त्यापेक्षा मीच विसरलो असेन, हे सोपे. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957मध्ये बोधात्मक विसंवादाची उपपत्ती मांडली ती नेमकी याविषयी : दोन गोष्टी मनात एकमेकींना टोचू लागल्या की माणूस त्यांतली एक वाकवतो, आणि केलेली कृती वाकवता येत नसल्यामुळे बहुधा विश्वास वाकतो. या उपपत्तीची एक वाट आपल्याकडून गेली आहे. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला आणि त्यानंतर पाटण्यात पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी गोळा करून अभ्यासल्या. हादरे बसले होते पण डोळ्यांसमोर मोठी पडझड नव्हती, अशा लोकांत पसरलेल्या अफवा धीर देणाऱ्या नव्हत्या. आणखी मोठे संकट येणार, वादळ येणार, असे त्या सांगत होत्या. घाबरलेल्या माणसाला अधिक घाबरवणारी बातमी का हवी असावी, या कोड्यावर फेस्टिंगर अडले आणि त्यांना सुचले की भीती आधीच मनात होती, तिला साजेसे कारण तेवढे हवे होते. पाटण्याच्या लोकांनी भीतीला कारण पुरवले, या मुलाने आपल्या खरवडण्याला पुरवले. भीती ओसरते. ‘गणितात मी विसरतो’ हे मात्र दहावीपर्यंत, कदाचित शाखा निवडण्यापर्यंत, सोबत राहू शकते.

एवढे सगळे लिहूनही वर्गाच्या एकोप्याला केवळ दोष द्यावा, असे मला वाटत नाही. त्याच नववी ‘अ’ने गेल्या पावसाळ्यात पाय मोडलेल्या एका मुलीला रोज जिन्यावरून खुर्चीसकट वर आणले, आणि पाळ्या कोणी लावून दिल्या नव्हत्या. ‘आपली तुकडी’ ही त्या वयातली मोठी ऊब असते. तिला फार खोल कारणही लागत नाही. हेन्री ताजफेल यांनी 1970च्या आसपास ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे असे गट केले की ज्यांना अर्थच नव्हता : पडद्यावर दिसलेल्या ठिपक्यांचा अंदाज जास्त सांगणारे आणि कमी सांगणारे, तेही प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिलेले. मग इतरांना थोडे पैसे वाटायला सांगितले. घेणारा कोण, ते ठाऊक नव्हते. फक्त तो कोणत्या गटाचा, एवढेच माहीत होते. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि दोन्ही गटांत अंतर पडावे म्हणून प्रसंगी आपल्या गटाचा थोडा तोटाही पत्करला. आमच्याकडे जूनमध्ये यादी लागते, कोणी ‘अ’त जातो, कोणी ‘ब’त, आणि गणेशोत्सवापर्यंत दोन वेगळी राष्ट्रे तयार होतात. ‘ब’च्या फळ्यावर तीच चूक झाली असती, तर ‘अ’च्या मुलांनी ती दारातून ओरडून सांगितली असती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

सर निवडणुकीहून परतले तेव्हा मी त्यांना चिन्हाचे सांगितले, मुलाचे नाव मात्र सांगितले नाही. भला माणूस, कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण फळ्यावर लिहून, ‘‘यात माझी चूक शोधा,’’ म्हणाले. मी बाहेरच्या व्हरांड्यात रेंगाळले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग खिडकीकडेच्या रांगेतून एका मुलीचा आवाज आला, ‘‘सर, तिसरी पायरी?’’ ती चुकली होती, गडबड दुसऱ्या पायरीत होती. पण तिच्यानंतर चार-पाच हात वर झाले आणि त्यांत तो मुलगाही होता. अ‍ॅश यांच्या प्रयोगातही असेच होते. समूहाविरुद्ध बोलणारा एक जरी सोबती मिळाला तरी वाकण्याचे प्रमाण कुठल्या कुठे खाली येई, आणि सोबत्याचे उत्तर बरोबर नसले तरी त्याच्या वेगळे असण्याची मदत होई. तो सोबती मध्येच समूहाला जाऊन मिळाला तर खरा विद्यार्थी पुन्हा वाकू लागे. तो काही काम सांगून खोलीबाहेर गेला, तर त्याच्या माघारीही त्याचा आधार काही अंशी टिकून राही.

त्या आठवड्यात मी अकरावीला ‘समजलं का?’ विचारणे बंद केले आणि न समजलेली गोष्ट बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितले. पहिल्या खेपेला आलेल्या चिठ्ठ्या बहुतेक कोऱ्या होत्या. एकीवर, ‘मॅडम, फळ्यावर मोठं लिहा,’ असे होते. दुसरीवर लिहिले होते, ‘नाव नसलं तरी अक्षर तुम्ही ओळखता.’ ते अक्षर मी खरोखरच ओळखले होते. मग मी धड्यातल्या संकल्पनांची यादी झेरॉक्स करून वाटली आणि जे कळले नाही त्यापुढे फुली मारायला सांगितली, कारण फुलीला अक्षर नसते. सर्वांत जास्त फुल्या आल्या गुणारोपणावर, जे मी दोन तास घेऊन शिकवले होते आणि ज्यावर सबंध वर्गाने एका सुरात होकार दिला होता. ते आता सोमवारी पुन्हा घ्यायचे आहे, आणि या वेळी उदाहरण म्हणून शिक्षकखोलीतल्या एस.टी.चे द्यावे की नाही, ते अजून ठरलेले नाही.